दोरा ताणून बघा

श्रोतेहो, मुंबईहून न्यूयॉर्कला लेकीकडे, नातवंडांकडे निघालेली मंडळी विमानातल्या पडद्यावरचा मार्ग पाहून दचकतात. अमेरिका पश्चिमेला, मग विमान उत्तरेला कुठं निघालं? एवढा वळसा कशाला? वळसा नाही हो, तीच जवळची वाट. फसवतो तो भिंतीवरचा सपाट नकाशा, आणि त्यावर पट्टी ठेवून मुलांना अंतर मोजायला लावतो आपण.

एक कलिंगड घ्या. लांबट नको, चांगलं गोल. देठ वर ठेवा. पोटाच्या जरा वर मुंबईचा ठिपका द्या, आणि जवळजवळ पाठीमागच्या बाजूला, आणखी वर, न्यूयॉर्कचा. दोन्हींना दोरा लावा. पोटावरून आडवा नेलात तर दोरा जास्त लागेल. आता ताणा. बघा, तो देठाकडे सरकतो. हिरवे पट्टे देठापाशी एकमेकांजवळ येतात, तसेच रेखांश ध्रुवापाशी. तिथून पलीकडं जाणं थोडक्यात होतं. आता त्याच कलिंगडाची साल काढून पाटावर सपाट पसरा. फाटते की नाही? नकाशा फाटू नये म्हणून देठाकडचा भाग ताणून रुंद करावा लागतो. मर्केटरचा १५६९चा नकाशा असाच. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं; खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

नकाशावरची सरळ रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जेरिया अशी अटलांटिकवर जाते. ती भरते चौदा हजार किलोमीटरच्या वर. ताणलेला दोरा मध्य आशिया, मॉस्कोचा परिसर, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक असा जातो आणि साडेबारा हजारांत संपतो. युद्धामुळे कुणाचं आकाश बंद असलं की विमान दोऱ्यापासून ढळतं, ते वेगळं. पण पुन्हा सांगते, कारण हे निसटतं: अंतर गोलावर मोजा. घरात मुलं असतील तर पृथ्वीचा गोल आणाच. खेळणं म्हणून कपाटावर ठेवू नका, त्यांच्या हातात दोरा द्या.

वेळेचं राहिलंच. न्यूयॉर्कला जाताना साधारण सोळा तास, येताना तास-दोन तास कमी. अंतर तेच असून? पृथ्वी खालून फिरते म्हणून, असं सांगू नका मुलांना. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. कारण आहे उंचावरचे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे चौदाशे किलोमीटरने लांबली, १५,३०० झाली, आणि तरी विमान साडेचौदा तासांत, नेहमीपेक्षा लवकर पोचलं. वारा पाठीशी होता. हे वारे हिवाळ्यात अधिक जोर धरतात, त्याला कारण ध्रुवाकडची थंडी आणि... पण इथं वेळ संपली आहे.