शेळीची बाराखडी
(धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



उंटावरून शेळ्या हाकणारे या जगात पुष्कळ आहेत. आम्ही आज शेळीच्या शेजारी बसून बोलणार आहो. आमच्या घराला शेळीने पुष्कळदा तारले, पण एकदा आमच्याच अज्ञानाने आम्ही बुडालो. ती गोष्ट आधी सांगतो.

काही वर्षांमागे आम्ही आठवडी बाजारात दोन शेळ्या घेतल्या. दलाल म्हणाला, "दुसऱ्या वेताच्या, चार दाती, दोन्ही गाभण." आम्ही मान डोलावली. वेत म्हणजे काय, दात कोठले मोजावयाचे, यांतले आम्हांस काहीच ठाऊक नव्हते. रुमालाखाली बोटे धरून सौदा झाला. घरी म्हातारीने शेळीचे तोंड उघडले आणि कपाळावर हात मारून घेतला. एकीचे दात झिजून गेलेले. दुसरी पंधरा दिवसांत माजावर आली, म्हणजे ती गाभण नव्हतीच. एका हंगामाची मजुरी गेली. ती शेळीपायी गेली नाही. चार शब्द ठाऊक नसल्यापायी गेली. म्हणून जो नव्याने शेळी पाळू पाहतो त्याने दावे विकत घेण्याआधी हे शब्द पदरी बांधावेत.

पहिला शब्द जातीचा. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण शेळीची जात सरकारी दप्तरी उस्मानाबादी म्हणूनच नोंदलेली आहे. बहुतेक रंग काळा, क्वचित अंगावर पांढरे ठिपके. उन्हातान्हाला काटक, आणि जुळी करडे देण्यात नाव कमावलेली. ही जात कोणा साहेबाने घडविली नाही. आपल्या बापजाद्यांनी माळरानावर, दुष्काळात, निवडून निवडून ती राखली.

आता वयाचे शब्द. लहान ते करडू. मादी करडू मोठे झाले, पण अजून व्याले नाही, ती पाट. काही गावी पाठ म्हणतात. नर तो बोकड. पैदाशीसाठी ठेवला तो पैदाशीचा, आणि बडवला तो खच्ची. वय दातांवरून ओळखावे. शेळीला पुढे वरच्या जबड्यात दात नसतात. मोजावयाचे ते खालचे. दुधाचे आठ दात असतात तोवर ती आदत. सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास मधले दोन पडून मोठे येतात, ती दोन दाती. दोन वर्षांच्या आसपास चार दाती, तीनच्या आसपास सहा दाती, आणि पुढे आठही मोठे झाले की तोंड पूर्ण. त्यानंतर दात फाकतात, झिजतात, पडतात. तेव्हा दलालाच्या तोंडाकडे न पाहता शेळीच्या तोंडात पाहावे.

पुढचे शब्द घरातल्या बायांस पाठ असतात. शेळी सारखी ओरडते, शेपूट हलविते, चाऱ्यावर लक्ष देत नाही, तो माज. तो दिवस-दीड दिवस टिकतो. बोकड लावल्यावर साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा माज दिसला तर शेळी उलटली म्हणावे. न दिसला तर गाभण असण्याचा संभव. बोकड लावल्याच्या दिवशी भिंतीवर कोळशाने रेघ ओढा. तेथून पाच महिन्यांनी, म्हणजे १५० दिवसांच्या आतबाहेर, शेळी विते. एकदा व्याली ते एक वेत. नीट निगा राखली तर दोन वर्षांत तीन वेते होतात. दिवस भरण्याआधी गर्भ पडला तर ती गाभडली. तेथे हात न घालता डॉक्टरांस बोलवावे, कारण असल्या रोगांतले काही माणसालाही लागतात. ना गाभण, ना दुभती, ती भाकड. पैदाशीचा बोकड दोन वर्षांनी बदलावा. त्याच्याच पाटी त्याला लावल्या तर करडे दुबळी निपजतात.

व्याल्यावर पहिले दाट पिवळे दूध तो चीक. गाईच्या चिकाचा खरवस आपण चवीने खातो, पण शेळीचा चीक करडाचा हक्क आहे. जन्मल्यावर तासाभरात तो पोटात गेला पाहिजे. रोगाशी लढण्याचे बळ त्यातच असते. मागाहून पडते ती वार. ती ओढू नये. कास दगडासारखी झाली तर तो कासदाह, त्यास दगडीही म्हणतात. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर तुटून पडलेली धष्टपुष्ट करडे रात्रीतून मरतात, तो बहुधा आंत्रविषार. त्याची लस पावसाळ्याआधीच टोचावी. तशीच पीपीआरची लसही चुकवू नये.

आणि आता कचेरीचे शब्द. गट म्हणजे बहुधा दहा शेळ्या व एक बोकड. अनुदान म्हणजे सरकार भरते तो वाटा. स्वहिस्सा म्हणजे आपण भरावयाचा. हा दुसरा शब्द न कळल्याने कितीजण सावकाराच्या दारी गेले! विम्याचा बिल्ला कानात असतो. तो गळाला तर त्याच दिवशी कळवावे, नाहीतर शेळी मेल्यावर शेळीही गेली आणि भरपाईही गेली. पंचनामा वाचून घेतल्याखेरीज अंगठा देऊ नये. कोणी हसला तर हसू द्यावे.

शिकावयाचे कोठे? तुळजापूर तालुक्यात तीर्थ येथे महाराष्ट्राच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे; तेथे जाऊन पाहावे. पण पहिली शाळा आपल्याच ओसरीवर आहे. माज कोणती शेळी कधी दाखविते, हे आमच्या आयाबहिणी आवाजावरून सांगतात. तरी बाजारात सौद्याला आपण त्यांस नेत नाही, कागदावर त्यांचे नाव घालीत नाही आणि त्यांच्या ज्ञानाला ज्ञानही म्हणत नाही. आम्हीही त्या दिवशी म्हातारीस घरी ठेवून गेलो होतो, आणि त्याचे फळ आपण ऐकलेच. दुसऱ्याने आपणांस अडाणी म्हटले की आपणांस राग येतो. मग आपल्याच घरातल्या जाणत्या माणसास आपण अडाणी का ठरवावे?

तेव्हा आमची एवढीच विनंती आहे. पुढच्या बाजारी शेळी घ्यावयास जाल, तेव्हा घरातल्या म्हातारीस बरोबर न्या. शेळीचे तोंड तिला उघडू द्या आणि ती काय म्हणते ते ऐका. मगच रुमालाखाली हात घाला.

येवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.