रसायन अभियांत्रिकीच्या मास्तरांची शिफ्ट



पहिलीच्या वर्गाला शिकवायचं असेल तर डी.एड. लागतं, वर टीईटी पास व्हावी लागते. हायस्कूलसाठी बी.एड. लागतं. इंजिनिअरिंग कॉलेजात मात्र शिकवण्याचं कसलंही शिक्षण न घेता वर्गावर उभं राहता येतं. पदवी आणि पदव्युत्तर पदवी हाताशी असली की मुलाखतीला बसता येतं. निवड झाली की टाइमटेबल हातात पडतं आणि आदल्या वर्षीपर्यंत शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा 'सर' होतो.

केमिकल इंजिनिअरिंगमध्ये ही अडचण दुहेरी आहे. चेंबूर-माहुलकडून जाताना रिफायनरीचे जे उंच मनोरे दिसतात, ते डिस्टिलेशन कॉलम. वाफ वर चढते, द्रव खाली उतरतो आणि मधल्या ट्रेंवर दोघांची देवाणघेवाण होते. हे फळ्यावर आम्ही सुरेख काढतो. पण वाफेचा जोर वाढला की द्रव खाली उतरेनासा होतो, कॉलम तुंबतो. त्याला फ्लडिंग म्हणतात. ते सुरू झालं की कंट्रोल रूमच्या पडद्यावर आधी काय हलतं, कॉलमच्या खालच्या-वरच्या दाबातला फरक कसा चढत जातो, ऑपरेटर पहिल्यांदा हात कशाला घालतो, हे आमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलेलं नसतं. बी.टेक., एम.टेक., पीएच.डी. आणि पुन्हा कॉलेज, असा आमचा प्रवास. कारखाना लागतो तो मुलांच्या सहलीपुरता, डोक्यावर हेल्मेट घालून, रांगेत.

मग या शिक्षकाने पुढे शिकायचं कुठे? सोयी नाहीत असं मुळीच नाही. केंद्र सरकारने 1970 मध्ये क्वालिटी इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम, म्हणजे क्यूआयपी, सुरू केला. कॉलेजातल्या शिक्षकाने नोकरी आणि पगार राखून आयआयटीत किंवा बंगळूरच्या आयआयएससीत जायचं, एम.टेक. किंवा पीएच.डी. करून आपल्या कॉलेजात परतायचं. माझ्या मते आपल्याकडची ही सर्वांत शहाणी योजना. कारण ती शिक्षकाला वेळ देते, आणि शिक्षकाला खरी गरज असते ती वेळेचीच. अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांसाठी देशात चार राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहेत, त्यांतली आपल्या भागाची भोपाळला. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने नव्या शिक्षकांसाठी स्वयम या सरकारी पोर्टलवर 8 भागांचा अभ्यासक्रम ठेवला आहे, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट मिळतात. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्स ही 1947 सालची संस्था दरवर्षी केमकॉन भरवते. त्या अधिवेशनात कारखान्यातली माणसं आणि मास्तर निदान चहाच्या रांगेत तरी एकमेकांना भेटतात.

आणि मग एफडीपी, अर्थात फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम. पाच-सहा दिवसांचा, करोनानंतर बराचसा ऑनलाइन. चांगले एफडीपी असतात, मी केले आहेत. पण कॅमेरा बंद ठेवून, एका कानाने वक्ता ऐकत, हाताने इंटर्नलचे पेपर तपासत पुऱ्या केलेल्या एफडीपीचं सर्टिफिकेटही तितकंच रंगीत येतं. बढतीच्या फायलीला सर्टिफिकेट लागतं आणि नॅकच्या मूल्यांकनाच्या फायलीला त्यांचा आकडा. शिक्षक काय शिकला, हा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

आता एक खरी घडलेली हकीकत सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिल शहरात टी-टू लॅबोरेटरीज नावाचा छोटा कारखाना होता. पेट्रोलमध्ये मिसळायचं एक रसायन तिथे बनायचं. मालक दोघे, एक केमिकल इंजिनिअर आणि एक रसायनशास्त्रज्ञ. म्हणजे दोघेही शिकलेले. प्रक्रिया त्यांनी बसवली ती एक लिटरच्या रिॲक्टरमध्ये, आणि मग नेली सुमारे 9 हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये. घरात चौघांची खिचडी करणारा माणूस पाचशे पानांच्या पंगतीला तेच प्रमाण वाढवून आचारी होत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. भांडं मोठं झालं की आतला माल घनाच्या हिशेबाने वाढतो, उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र वर्गाच्या हिशेबाने. आत तयार होणारी उष्णता बाहेर पडायला जागा पुरत नाही.

19 डिसेंबर 2007 ला 175वी बॅच चालू होती. थंड करणारं पाणी हवं तसं मिळेना, आणि पर्यायी सोय नव्हती. तापमान चढलं. एका मर्यादेपलीकडे सोडियम आणि द्रावक यांच्यात दुसरीच, पहिलीहून कितीतरी जोरकस प्रक्रिया सुरू झाली आणि रिॲक्टर फुटला. चार माणसं गेली, त्यांत एक मालक होता. 32 जण जखमी झाले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली. ही दुसरी प्रक्रिया होऊ शकते याची मालकांना बहुधा कल्पनाच नव्हती, असा तिचा निष्कर्ष निघाला. बोर्ड तिथेच थांबलं नाही. प्रक्रियांमधले असे धोके पदवीच्या अभ्यासक्रमात आले पाहिजेत, अशी शिफारस त्याने केली, आणि मान्यता देणाऱ्या संस्थेने पुढे निकषांत तसा बदलही केला.

इथे खरी गंमत आहे. अभ्यासक्रम एका बैठकीत बदलतो. शिकवणार कोण? जे हा विषय स्वतः कधी शिकलेले नाहीत, तेच. म्हणून तिथल्या केमिकल इंजिनिअर्सच्या संघटनेने या विषयासाठी शिक्षकांच्या कार्यशाळा चालवल्या, आणि त्यांतल्या अनेक कारखान्यांच्या आवारात भरवल्या. प्राध्यापकांनी दोन-चार दिवस मोठ्या कंपनीच्या सुरक्षा विभागाबरोबर बसायचं, प्लांटमध्ये फिरायचं आणि वर्गात वापरायची उदाहरणं घेऊन परतायचं. याशिवाय तिथे केमिकल इंजिनिअरिंगच्या शिक्षकांची उन्हाळी शाळा भरते. पहिली 1931 मध्ये मिशिगन विद्यापीठात भरली, आता साधारण पाच वर्षांनी एकदा भरते. नवे प्राध्यापक आणि जुनी खोडं एकाच वसतिगृहात राहतात, आणि रिॲक्शन इंजिनिअरिंग कसं शिकवायचं यावर भांडतात.

प्रोसेस सेफ्टीच्या त्या साऱ्या शैक्षणिक चळवळीचं मूळ मात्र आपल्याकडे आहे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये 610 नंबरच्या टाकीत पाणी शिरलं. टाकी गार ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारी फ्लेअर जोडलेली नव्हती. त्या वायुदुर्घटनेच्या धक्क्यानंतर केमिकल इंजिनिअर्सच्या त्याच अमेरिकन संघटनेने 1985 मध्ये प्रोसेस सेफ्टीचं केंद्र काढलं आणि पुढे त्यातूनच शिक्षकांसाठी साहित्य तयार झालं. आपले शिक्षक प्रशिक्षणाला जातात तेही भोपाळलाच. मला वाटतं, महाराष्ट्रातून तिथे जाणाऱ्या केमिकलच्या प्रत्येक शिक्षकाच्या वेळापत्रकात एक पूर्ण दिवस त्या टाकीच्या अभ्यासाचा असावा. डोंबिवलीत 2016 च्या मे महिन्यात स्फोट झाला, 2024 च्या मे महिन्यात पुन्हा झाला. हा विषय आपल्याला परका नाही. तरी अनेक ठिकाणी तो अजून ऐच्छिक आहे, आणि ज्याचा लोड कमी असेल त्याच्या गळ्यात पडतो.

कारखाना आणि वर्ग यांचं नातं आपल्याकडे कधीच नव्हतं, असंही नाही. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाने काढलेली यूडीसीटी, माटुंग्याची आजची आयसीटी, याच नात्यावर मोठी झाली. तिथले प्राध्यापक उद्योगांना सल्ला देत आणि तिथले प्रश्न प्रयोगशाळेत आणत. प्रा. मनमोहन शर्मा यांचं नाव या संदर्भात देशभर घेतलं जातं. केकी घारडा तिथे शिकवत होते, पुढे त्यांनी स्वतःची कंपनी उभी केली. पण माटुंग्याला जे जमलं ते जिल्ह्याच्या विनाअनुदानित कॉलेजातल्या, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला कसं जमावं? त्याला भरपगारी रजा नाही. मे महिन्यात पेपर तपासायचे असतात, ते झाले की प्रवेशासाठी बारावीच्या पालकांना फोन लावायचे असतात. त्याच्या नावाने 'उद्योगाशी संपर्क नाही' असा शेरा मारणं सोपं आहे.

म्हणून माझं मागणं अगदी लहान आहे. महाड, लोटे, रोहा, पाताळगंगा, तारापूर, कुरकुंभ या वसाहतींत दरवर्षी कुठला ना कुठला प्लांट शटडाऊन घेतो. कॉलमची मॅनहोलं उघडतात, ट्रे बाहेर येतात, हीट एक्स्चेंजरच्या नळ्या ओढून साफ होतात. शिक्षकासाठी याहून चांगला वर्ग नाही. चार आठवडे त्याला तिथे राहू द्या. पी अँड आयडीची, म्हणजे पाइप आणि उपकरणांच्या जोडणीची, ड्रॉइंग हातात घेऊन त्याने एकेक लाइन पायाने चालून शोधावी. हॅझॉपच्या, म्हणजे धोके शोधण्याच्या, बैठकीत मागच्या खुर्चीत बसावं. इथे प्रवाह उलटा झाला तर काय, थांबला तर काय, हे प्रत्येक पाइपबद्दल कसं विचारतात ते ऐकावं. प्लांट पुन्हा सुरू होताना रात्रपाळी करावी. निघताना कंपनीचं नाव पुसलेले खरे तापमानाचे आणि प्रवाहाचे आकडे त्याला मिळाले, तर पुढची पाच वर्षं परीक्षेचे प्रश्न पुस्तकातून उचलावे लागणार नाहीत.

कंपनीलाही त्यातून मिळण्यासारखं आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने डीडब्ल्यूसिम हे मोफत सॉफ्टवेअर शिक्षक-विद्यार्थ्यांपर्यंत पोचवलं आहे. महागडं लायसन्स न घेता पुष्कळशा प्रक्रियांचं गणित त्यावर मांडता येतं. एखाद्या कॉलमचा ऊर्जेचा ताळेबंद शिक्षक मांडून देऊ शकतो. ऑपरेटरना मराठीतून शिकवू शकतो, आणि ते काम बाहेरच्या सल्लागाराला सहसा जमत नाही.

राहिला वर्गात शिकवण्याचा भाग. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचे रिचर्ड फेल्डर यांचं मटेरियल बॅलन्सचं पुस्तक आपली मुलं वापरतात. त्याच फेल्डरनी पुढची अनेक वर्षं शिक्षकांना शिकवण्यात घालवली. त्यांची एक सूचना खर्चाची नाही. सलग तासभर बोलू नका, अधूनमधून थांबा, छोटा प्रश्न टाका, दोघा-तिघांना मिळून मिनिटभर सोडवू द्या, मग कुणालाही उठवा. साठ मुलांच्या वर्गात गोंगाट होईल, शेजारच्या वर्गातले सर डोकावतील. होऊ द्या.

कारखान्यांच्या व्यवस्थापकांना एवढंच सांगतो. येत्या शटडाऊनला जवळच्या कॉलेजातल्या एका शिक्षकाचा गेटपास काढा, त्याच्या विम्याची सोय करा आणि त्याला जनरल शिफ्टऐवजी रात्रपाळी द्या. आणि प्राचार्य महोदय, त्या चार आठवड्यांची ऑर्डर 'कर्तव्यकाल' म्हणून काढा, रजा म्हणून नको.