चामखीळ आणि घोड्याचा केस

मंडळी, परवा पारावर एका बाईने मला विचारले, "गुरुजी, माझ्या पोराच्या हाताला चामखिळी आल्यात. घोड्याचा केस कुठं मिळंल?" मी म्हटले, केस राहू द्या. आधी माझी एक चूक ऐका.

मी चौथीला शिकवीत होतो. वर्गातल्या एका मुलाच्या दोन्ही हातांवर वीस-बावीस चामखिळी होत्या. मुले त्याच्याजवळ बसेनात. मीही त्याला कोपऱ्यात वेगळे बसवले. घरी आजीने रुईचा चीक लावला, मग बिब्बा लावला. बोट असे सुजले की पोराला महिनाभर लेखणी धरता आली नाही. चामखिळी तशाच! मग कुणीतरी घोड्याचा केस बांधला. पावसाळा संपता संपता सगळ्या चामखिळी गेल्या. केस बांधला एकीला, गेल्या सगळ्या. गावाने घोड्याला शाबासकी दिली.

खरे कारण मला फार उशिरा कळले. चामखीळ विषाणूमुळे येते. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अगदी बारीक रोगबीज. कातडीला खरचटले की ते आत शिरते आणि वरच्या थरातच राहते. त्या थरात रक्तवाहिन्या नसतात. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे जागले. पण चोर गावाबाहेरच्या गंजीत गुपचूप दडला, तर जागल्याला काय कळणार? म्हणून चामखीळ महिनोन् महिने राहते. एकदा चोर ओळखला, की जागले त्याला हुडकून काढतात. मग कधी कधी सगळ्या एकदम जातात. बऱ्याच मुलांच्या चामखिळी दोन वर्षांत औषधावाचून जातात.

आता काही डॉक्टर एकाच चामखिळीत गोवर-गालगुंडाची लस टोचतात. त्या जागी जागले धावून येतात, आणि पुष्कळांच्या लांबच्या चामखिळीही जातात. सगळ्यांच्याच जातात असे मात्र नाही.

ब्लेडने कापू नका, खाजवू नका. तशाने त्या पसरतात. पंचा वेगळा ठेवा. मधुमेह असेल, गुप्त जागी चामखीळ आली असेल, किंवा उतारवयात नवी गाठ येऊन रक्त येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

नुसते शेजारी बसल्याने चामखीळ होत नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. हात स्वच्छ झाल्यावर मी त्या मुलाला पुढे बसायला बोलावले. तो आला नाही. वर्षभर कोपऱ्यातच बसला.