मधुमेहाची सुई आणि मक्तेदारीची मुदत



मधुमेहाचे इंजेक्शन म्हटले की आपल्याला इन्सुलिनच आठवते. परंतु गेल्या वीस वर्षांत इन्सुलिन नसलेल्या इंजेक्शनांचा एक निराळा वर्ग रूढ झाला आहे. प्रौढ वयात जडणाऱ्या, म्हणजे 'टाइप टू' मधुमेहात ती देतात. मी अर्थशास्त्राचा माणूस. औषध कोणी घ्यावे हे डॉक्टरांनी सांगावे. ते कोणाला परवडावे, हा प्रश्न मात्र आपला आहे.

जेवणानंतर आतड्यांतून जीएलपी-वन नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावते, जठर सावकाश रिकामे करविते आणि भूक आवरते. पण काही मिनिटांतच ते नष्ट होते. न्यूयॉर्कमध्ये निवृत्त सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. जॉन एंग ह्यांना गिला मॉन्स्टर नावाच्या सरड्याच्या विषात तसेच, पण टिकाऊ द्रव्य सापडले. त्यावरून बनलेल्या एक्झेनाटाइडला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. ह्या वर्गातील पहिल्या औषधाचे मूळ सरकारी रुग्णालयात आहे. किंमत ठरविताना त्याची आठवण कोणाला होत नाही, एवढेच. पुढे रोज घ्यावयाचे लिराग्लुटाइड आले, आठवड्यातून एकदा घ्यावयाची सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड आली.

टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ३,५०० रुपये आणि पाच मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये होती. आठवड्याला एक कुपी, म्हणजे महिन्याला १४,००० ते १७,५०० रुपये, आणि तेही वर्षानुवर्षे. विडी वळणाऱ्या भगिनीने हा आकडा ऐकून काय करावे?

उत्पादन महाग म्हणून किंमत महाग, असे कोणी सांगेल. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सेमाग्लुटाइडच्या महिन्याच्या मात्रेची किंमत, नफा धरूनही, पाच डॉलरच्या आत बसू शकते असा हिशेब मांडला. त्या वेळी अमेरिकेत तिची छापील किंमत साडेनऊशे डॉलरहून अधिक होती. मधल्या फरकाला आमच्या शास्त्रात मक्तेदारीचा खंड म्हणतात.

१९७० च्या आपल्या कायद्याने औषधाच्या केवळ निर्मितीप्रक्रियेला पेटंट दिले, औषधाला नव्हे. देशी औषधउद्योग त्या आधारावर उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी २००५ मध्ये औषधालाही वीस वर्षांचे पेटंट द्यावे लागले. तरीही संसदेने कलम ३(ड) घातले आणि सक्तीच्या परवान्याची तरतूद राखली. २०१२ मध्ये त्या तरतुदीखाली सोराफेनिब हे कर्करोगाचे औषध महिन्याला सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आले. हत्यार आहे, ते क्वचितच उपसले गेले.

पेटंट सरले की काय घडते, ते लिराग्लुटाइडने दाखविले. २०२४ च्या जानेवारीत देशी पर्याय आला आणि रोजचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास उतरला. सेमाग्लुटाइडच्या भारतातील मूळ पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची.

परंतु बाजारात स्वस्त झालेले औषध आपोआप आरोग्यकेंद्रात पोहोचत नाही. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मधील अहवालाने सांगितले. त्यांतील बहुतेकांचा उपचार आजही मेटफॉर्मिनच्या साध्या गोळीपासून सुरू होतो, आणि ती गोळीच नियमित मिळावी हे पहिले मागणे. शिवाय ही इंजेक्शने शीतपेटीत ठेवावी लागतात, मळमळ-उलट्यांवर लक्ष ठेवावे लागते. श्रीमंतांच्या वजन उतरविण्याच्या हौसेने काही वर्षांपूर्वी परदेशांत मधुमेह्यांनाच टंचाई भोगावी लागली, हेही विसरू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये ही औषधे आवश्यक औषधांच्या सूचीत घेतली. ज्यांना मधुमेहाबरोबर हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार आहे, किंवा स्थूलपणा आहे, अशांसाठी. आपल्या २०२२ च्या राष्ट्रीय सूचीत ह्या वर्गाला जागा नव्हती. तेव्हा मागणी नेमकी करू या: सूचीत समावेश, राज्याने एकत्रित निविदा काढून खरेदी, निविदेतील दर जाहीर, आणि जिल्हा रुग्णालयांत प्रथम हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांना मोफत वाटप.