बंदरावरची ड्युटी कुणी भरली?



मी गोदीतला. माल चढवतो-उतरवतो, रात्री कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. पिंपरीत जकात म्हटलं की नाका आठवतो, म्हणून मी कस्टम ड्युटीच म्हणतो. परदेशी माल बंदरात उतरला की सरकार घेतं ती.

1991 च्या आधी ही ड्युटी काही मालावर 150 टक्क्यांच्याही वर होती. तिजोरी आटली, नाणेनिधीचं कर्ज घेतलं, दार उघडलं. 2007 पर्यंत बहुतेक कारखानी मालावर ती 10 टक्क्यांपर्यंत उतरली. माल धो धो आला, म्हणून ड्युटीचे रुपये वाढले, हे खरं. पण 1990-91 ला केंद्राच्या करात तिचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून मोठा होता. आता दहा टक्केही नाही.

मग बाकीचं कोण भरतं? साबण घेणारी तुमची आई भरते. 2017 ला जीएसटी आला, साबणावर 18 टक्के बसले. सप्टेंबर 2025 ला 5 केले. आठ वर्षं घेतलेले परत कोण देतो? मिठावरचा कर गरिबाला कसा जाचतो, ते बाबासाहेबांनी 1925 च्या प्रबंधातच मांडलंय. आपली पोरं तो वाचत नाहीत, फोटोला हार घालतात.

आता मोठ्यांचं बघा. चाकणला कारखाना असलेल्या स्कोडा-फोक्सवॅगनला 2024 ला कस्टमने 1.4 अब्ज डॉलरची नोटीस काढली. आरोप असा : जवळजवळ अख्खी गाडीच सुटी करून वेगवेगळ्या खेपांत आणली. अख्ख्या संचावर 30-35 टक्के लागतात, सुट्या भागांवर 5 ते 15 भरले. कंपनी म्हणते नियमानेच भरले, आणि 2025 ला हायकोर्टात गेली. तुमच्या आईला साबणाच्या वडीसाठी हायकोर्ट नाही.

आणि एचए? हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, 1954, सरकारी पेनिसिलीन. सरकारी म्हणून तिथं राखीव जागा होत्या. आपली माणसं तिथं पर्मनंट झाली, कॉलनीत राहिली, पोरं शिकली. दार उघडल्यावर चीनचं स्वस्त पेनिसिलीन आलं नि कारखाना आजारी पडला. चाकणच्या खाजगी कारखान्यात राखीव जागा नाही. तिथं आपल्या पोराला ठेकेदाराचा गेटपास मिळतो, तोही काही महिन्यांचा.

डिसेंबर 2016 ला केंद्राने ठरवलं, एचएची जादा जमीन विकून देणी भागवायची. जुलै 2025 ला ब्रिटनशी करार केला : तिकडच्या मोटारींवरची शंभराच्या वरची ड्युटी, ठरलेल्या संख्येपुरती, टप्प्याटप्प्याने 10 वर आणायची.

गाडी त्यांची स्वस्त होणार. जमीन मात्र आपल्या पिंपरीची विकायला काढली.