विमानाचे इंधन आणि पाण्याचा थेंब



जेट विमानाचे इंधन हे काही अद्भुत रसायन नव्हे. एकेकाळी घरोघरच्या कंदिलात व स्टोव्हमध्ये जळणाऱ्या रॉकेलचेच ते काटेकोरपणे शुद्ध केलेले रूप होय. साधारणतः ८ ते १६ कार्बन अणू असलेल्या अनेक हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण असते. त्यात गंधकाचे प्रमाण वजनाने ०.३ टक्क्यांहून अधिक असू नये, असा दंडक आहे. ३८ अंश सेल्सिअसच्या खाली त्याची ठिणगीने पेटण्याइतकी वाफ होत नाही. म्हणून पेट्रोलपेक्षा ते हाताळण्यास सुरक्षित ठरते.

या इंधनाचे मुख्य प्रकार तीन. भारतासह बहुतेक देशांत वापरले जाणारे ‘जेट ए-१’ उणे ४७ अंशांपर्यंत, तर अमेरिकेत प्रचलित असलेले ‘जेट ए’ उणे ४० अंशांपर्यंत गोठता कामा नये. ‘जेट बी’ हे रॉकेल व नॅप्था यांचे मिश्रण अतिशीत प्रदेशांत उपयोगी पडते. मात्र ते चटकन पेट घेते.

थंडीचा एवढा विचार कशासाठी? ११ किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा सुमारे उणे ५६ अंश असते आणि पंखांतील टाक्यांमधले इंधन तासन्‌तास निवत जाते. त्यात मेणासारखे स्फटिक झाले, तर प्रवाह अडतो. परंतु त्याहून कपटी शत्रू म्हणजे पाणी. इंधनात विरघळलेले अत्यल्प पाणी थंडीने वेगळे होते व त्याचा बर्फ बनतो.

१७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला आलेल्या बोइंग ७७७ विमानाच्या दोन्ही इंजिनांची शक्ती उतरतेवेळी घटली आणि ते धावपट्टीच्या अलीकडेच आदळले. सुदैवाने विमानातील सर्व १५२ जण बचावले. चौकशीत आढळले, की इंधन प्रमाणित होते, ते गोठलेही नव्हते. त्यातील पाण्याच्या बर्फाने इंधन तापविणाऱ्या यंत्रभागाची तोंडे बुजविली होती. पुढे त्या भागाची रचनाच बदलण्यात आली.

म्हणूनच टाक्यांच्या तळाचे पाणी नियमाने काढून टाकले जाते, इंधन पाणी वेगळे करणाऱ्या गाळण्यांतून जाते आणि पाण्याने रंग बदलणाऱ्या रसायनाने त्याचा नमुना तपासला जातो. जमिनीवर घेतलेली ही किरकोळ वाटणारी दक्षताच आकाशात शेकडो प्राणांची राखण करीत असते.