नोकरीची बेगमी

आमच्या वाशीम जिल्ह्यांतला जाणता शेतकरी सोयाबीनचें घरचें बियाणें पेरण्यापूर्वीं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवितो. सत्तर उगवले, तर निश्चिंतपणें पेरतो. कमी उगवले, तर बियाणें बदलतो किंवा अधिक घेतो. हें सारें पाऊस पडण्याआधीं. त्याचाच मुलगा पुण्यास हिंजवडींत नोकरीस लागला, कीं ही दक्षता विसरतो, याचें मला नवल वाटतें.

माझा एक जुना विद्यार्थी असाच विसरला. नऊ वर्षें नोकरी, डोक्यावर घराचें कर्ज. एके दिवशीं दुपारीं त्यास बोलावून राजीनाम्याचा तयार मसुदा पुढें ठेविला. सायंकाळपर्यंत सही करा, म्हणाले. त्यानें केली. पुढें पांच आठवडे तो रोज सकाळीं पिशवी घेऊन निघे व बागेंत बसून राही. पत्नीसहि ठाऊक नव्हतें. गांवीं वडिलांस पैसे नेहमीप्रमाणें जात होते, तेहि उसनवारीचे. मजजवळ हें सांगतांना तो पस्तिशीचा गृहस्थ रडला.

त्याची बुद्धि कमी पडली नव्हती. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनें जुलै २०२५ मध्यें सुमारें २ टक्के, म्हणजे १२,००० हून अधिक माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ सालीं जमशेटजी टाटांनींच सुरू केली होती. तीहि पुढें बंद पडली. मोठें नांव म्हणजे मिरास नव्हे.

सहीची घाई मात्र करूं नये. राजीनामा दिला, कीं आपण स्वखुशीनें गेलों असें ठरतें. मालकानें कमी केलें, तर वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगारास एक महिन्याची सूचना अथवा तितका पगार, आणि दर पूर्ण वर्षामागें पंधरा दिवसांचें सरासरी वेतन द्यावें, असा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचा दंडक होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेंतहि तो आहे. नऊ वर्षांचे सुमारें साडेचार महिने होतात! व्यवस्थापकास तो लागू नाहीं. आपण कामगार ठरतों कीं व्यवस्थापक, हें वकिलास विचारावें, पण त्यासाठीं एक रात्र तरी मागून घ्यावी. नेमणूकपत्र व पगारपत्रकें यांच्या प्रती घरीं असाव्यात. कचेरीचें यंत्र त्याच दिवशीं काढून घेतात.

सहा महिन्यांच्या खर्चाची बेगमी असावी, हें सर्वच सांगतात. मी इतकेंच जोडतों, कीं नोकरी उत्तम चालली असतांनाच वर्षांतून एकदां अन्यत्र अर्ज करून पाहावा. हेंच तें ओलें गोणपाट. कोणी बोलाविलें नाहीं, तर आपलें बियाणें जुनें झालें, हें वेळेवर कळतें.

आणि घरीं सांगावें. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांस शेवटीं मींच सांगितलें. म्हातारा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, माहं सोयाबीन पाण्यात गेलं, तवा म्या त्याले त्याच दिवशी फोन केला. मंग त्यानं मले काऊन नाही सांगतलं?”